घरघंटीच्या फोरमचे यजमान

"या. बसा. पाणी घ्या."

घरच्या गिरणीची मोटर बंद पडली आहे, दारात पाहुणे आले आहेत, पिठाचा डबा रिकामा आहे. अशा अवस्थेत माणूस संतापून कंपनीला लिहितो, तेव्हा कंपनीने त्याला काय उत्तर द्यावं? मी जाहिरात विभागात होतो, मला अशा उत्तरांचे सात नमुने पाठ होते. 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' हा त्यातला सगळ्यात गुळगुळीत. आणि आमच्या कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर, अधिकृत बोधचिन्हाखाली, आमचे भाऊ सगळ्या जगाला दिसेल असं लिहायचे: या. बसा. पाणी घ्या.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी आपलं खातं पळवलं. धावत खालच्या मजल्यावर गेलो. तिथे एक उंच, सडसडीत गृहस्थ कॉम्प्युटरसमोर बसून एका बोटाने टाइप करत होते. भुवयांवर पिठाचा पातळ थर. तो थर पुसला तरी जात नाही, कारण भुवयाच पिकल्या आहेत, हे मला दोन आठवड्यांनी कळलं. टेबलावर स्टीलचा तांब्या आणि पेला. नवी तक्रार आली की भाऊ पेलाभर पाणी ओतायचे, 'या, बसा' लिहायचे आणि गिऱ्हाइकाच्या वतीने ते पाणी स्वतः पिऊन टाकायचे. त्यामुळे कुठल्याही दिवशी किती तक्रारी आल्या, हे आम्हाला त्यांच्या बाथरूमच्या फेऱ्यांवरून कळायचं. पावसाळ्यात गिरण्या जास्त अडतात. पावसाळ्यात भाऊ जागेवर सापडत नसत.

आमची कंपनी मुलुंडची. आम्ही घरघंटी बनवायचो. म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मावणारी विजेची गिरणी, वरून गहू टाका, खालून पीठ घ्या. आमच्या मालकांच्या, म्हणजे शेठच्या, एका पुतण्याने हौसेने कंपनीच्या वेबसाइटवर फोरम सुरू केला होता. गिऱ्हाइकांनी यावं, प्रश्न विचारावेत, एकमेकांना उत्तरं द्यावीत, कंपनीनेही द्यावीत, अशी जागा. मग पुतण्या परदेशी गेला आणि फोरम पोरका झाला. त्याच सुमारास भाऊंचे गुडघे गेले. वीसेक वर्षं भांडुप ते घाटकोपर जिने चढून त्यांनी लोकांच्या घरच्या गिरण्या दुरुस्त केल्या होत्या. शेठ म्हणाले, भाऊ, आता जिने पुरे, तो फोरम सांभाळा. पोरका फोरम आणि गेलेले गुडघे अशी ती जोडी जमली.

'पाणी घ्या' लिहिल्यावर लोक काय करायचे? पहिल्या वेळी चिडायचे. बोरिवलीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी लिहिलं होतं, "पाणी आमच्याकडे भरपूर येतं. मोटर बंद आहे, तिचं बोला." भाऊंनी उत्तर दिलं, "दोन्ही चालू पाहिजे. बंद पडायच्या आधी आवाज कसा आला? घरघर की किरकिर?" अधिकारी विचारात पडले असावेत. तासाभराने त्यांनी आवाजाचं अकरा ओळींत वर्णन लिहिलं. भाऊंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, डोळे मिटले, आणि घरी न जाता सांगितलं की पट्टा सैल झालाय, मागचा स्क्रू दोन फेरे आवळा. गिरणी चालू झाली. त्या दिवसापासून ते अधिकारी फोरमवरच मुक्कामाला आले. सकाळी उठून नव्या माणसाला भाऊंच्या आधी तेच 'या, बसा' म्हणू लागले.

भाऊंना फोटो चालत नसत. लोक पिठाचे फोटो टाकायचे आणि विचारायचे, हे जाड आहे का? भाऊ लिहायचे, "फोटोत सगळी पिठं गोरी दिसतात. चिमटीत धरा, चोळा, आणि काय वाटलं ते लिहा." मग लोक लिहायचे. कुणी लिहायचं, रांगोळीसारखं आहे. कुणी, मुलाच्या पावडरीसारखं. कुणी, तुरटी फोडल्यावर बोटाला लागते तसं. मी जन्मभर जाहिराती लिहिल्या, 'मऊसूत' आणि 'रेशमी' यांच्या पलीकडे मला पिठाला शब्द सुचला नव्हता. इथे मुलुंड, बोरिवली, अंधेरीची माणसं फुकटात एकाहून एक शब्द टाकत होती. ज्यांना शब्दांत जमायचं नाही ते पीठच कुरियरने पाठवायचे. भाऊंनी एक कपाट भरून पिठं ठेवली होती. त्या कपाटातून निघालेल्या किड्यांनी एकदा आमच्या जाहिरात विभागाचा ताबा घेतला, तेव्हा मी लेखी तक्रार केली. भाऊंनी तिचं उत्तर दिलं. पहिली तीन वाक्यं तुम्हाला माहीत आहेत.

आता वर्सोव्याची गोष्ट ऐका. तिथल्या कोळीवाड्यातल्या एका मावशींनी फोरमवर विचारलं की घरघंटीत सोडे दळले, म्हणजे सुकवलेली कोळंबी. आता गव्हाच्या पिठाला वास येतो, काय करू? झालं. अर्ध्या तासात फोरम पेटला. एका काकांनी लिहिलं, गिरणी म्हणजे अन्नपूर्णा, तिच्यात हे असलं दळतात का? दुसऱ्या कुणी लिहिलं, कंपनीने अशा लोकांना गिरण्या विकूच नयेत. आमचे शेठ पक्के शाकाहारी. वर बोलावून म्हणाले, भाऊ, हा प्रश्न काढून टाका ना, लोकांना कसंतरी होतं.

भाऊ खाली आले आणि त्यांनी फोरमचा पहिला आणि शेवटचा नियम लिहिला: "घरात आलेल्याच्या ताटात डोकावायचं नाही." त्याखाली मावशींना उत्तर. मूठभर कोरडे तांदूळ दळा आणि ते पीठ फेका. मग पीठ गाळणारी जाळी दिवसभर उन्हात ठेवा. वास राहिला तर परत या. मावशी परत आल्या, वास गेल्याचं सांगायला, आणि जाता जाता त्या काकांना लिहून गेल्या की तुमच्या लसणीच्या चटणीचा वास पण असाच जातो, करून बघा. काकांनी करून बघितलं असावं. त्यांनी पुढे कधी कुणाच्या ताटाबद्दल लिहिलं नाही.

आता माझा नंबर. मी या गोष्टीतला खलनायक आहे, हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. म्हणजे वाटते, पण सांगायला मजाही येते.

माझं म्हणणं साधं होतं. स्वतःचा फोरम ठेवायचा कशाला? सर्व्हरचा खर्च आपला, राखण आपली, कचरा पोस्टी झाडायच्या आपण, आणि लोक शिव्या घालणार त्याही आपल्याच दारात. त्यापेक्षा जगातले सगळे लोक ज्या फुकटच्या साइटवर आधीच पडीक असतात, तिथे कंपनीचं एक पान उघडावं. तिथे रंगीत फोटो टाकावेत, लोकांनी अंगठे दाखवावेत, कुणी तक्रार केली तर ती चार दिवसांत आपोआप खाली बुडते. मला यातलं 'आपोआप खाली बुडते' फार आवडायचं.

हे मी भाऊंना एकदा दुपारी चहा पिताना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला ते नावाने हाक मारत नसत, 'जाहिरात' म्हणायचे.

"काय रे जाहिरात," ते म्हणाले, "तिथं दार कुणाचं?"

मी म्हटलं, दार कसलं, मोकळं मैदान आहे.

मग त्यांनी सांगितलं, चहा निवू देत, आवाज न चढवता. त्यांचं मूळ गाव बीडकडचं. वडील गावकीचे निरोप पोचवायला उन्हातान्हाचे गावातल्या मोठ्या घरांकडे जायचे आणि उंबऱ्याच्या बाहेर उभे राहायचे. पाणी कुणी विचारायचं नाही. मागितलंच तर वरून ओंजळीत. पुढे वडील कामासाठी मुंबईला आले, भांडुपला डोंगराच्या कडेला पत्र्याची खोली घेतली. ज्या दिवशी खोली घेतली त्या दिवशी सामान लावायच्या आधी त्यांनी माठ भरून दाराशी ठेवला.

"म्हणाले, आता दार आपलं आहे. कोण पण येऊ दे. आधी पाणी, मग नाव विचारायचं."

भाऊंनी चहाचा घोट घेतला. "तुझ्या त्या मैदानात कुणाचं म्हणणं वर दिसणार, कुणाचं खाली जाणार, ते कोण ठरवतो? तू? मी? तिसराच माणूस ठरवतो, जो ना गिरणी बनवतो ना दळतो. मग मी त्याच्या दारात उभा राहून आपल्या माणसांना पाणी वाटू?"

मी गप्प बसलो. पण जाहिरातवाला माणूस फार वेळ गप्प बसत नाही. दुसऱ्याच आठवड्यात मी शेठना तीन पानी टिपण दिलं: फोरम बंद करण्याबाबत.

शेठनी टिपण खणात ठेवलं. ते तिथेच राहिलं असतं, पण श्रावण आला.

त्या वर्षी आम्ही नवं मॉडेल काढलं होतं. जुन्या गिरणीतून पिठाची धूळ उडायची, ओटा पांढरा व्हायचा. गिरणीच्या खाली पिठाचा डबा असतो. त्याच्या तोंडाला एक कापड असतं. आतली गरम हवा त्या कापडातून बाहेर जाते आणि पीठ आत राहतं. नव्या मॉडेलमध्ये शेठनी स्वतः पसंत करून जाड कापड लावलं. धूळ बंद. मी त्यावर जाहिरातही केली होती: 'दळा, पण डाग नको.' कृपया हसू नका.

श्रावणात लोक मोदकांच्या पिठीसाठी तांदूळ धुतात, सावलीत वाळवतात आणि दळतात. घाटकोपरच्या एका बाईंनी फोरमवर लिहिलं की नव्या गिरणीत पिठी दळताना जाळी बुजते, मोटर तापते, मध्येच बंद पडते. त्या घरून पिठी विकायच्या. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस हाच त्यांचा वर्षाचा हंगाम, आणि निम्म्या सोसायटीची पिठी त्यांच्याकडे लागलेली. त्यांच्याखाली अंधेरीच्या कुणी लिहिलं, माझंही तसंच. मग बोरिवली. मग मुलुंड. दोन दिवसांत ती चर्चा इतकी लांबली की शेठना दुकानदारांचे फोन येऊ लागले. दुकानदार फोरम वाचत होते.

शेठनी खणातून माझं टिपण काढलं आणि मला वर बोलावलं. "आपली वाट लागेल यार," ते म्हणाले. "काहीतरी कर."

आणि मी काहीतरी केलं. घरी बसून 'सुगरण मुलुंड' या नावाने फोरमवर खातं उघडलं आणि लिहिलं: "माझ्या नव्या गिरणीवर यंदा मोदकांची पिठी अप्रतिम झाली. तांदूळ नीट वाळवला की काहीच अडचण येत नाही. ज्या भगिनींची जाळी बुजते त्यांनी आपला तांदूळ तपासावा." कुठली बाई दुसऱ्या बाईला भगिनी म्हणते, हे मला तेव्हा सुचलं नाही. स्वतःवर इतका खूष होतो की बायकोलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, तू मोदक खातोस तेवढंच कर.

दहा मिनिटांत भाऊंचं उत्तर. या ताई, बसा, पाणी घ्या. आणि खाली एकच प्रश्न: "पिठी दळून झाल्यावर डब्याचं कापड आतून कसं दिसतं?"

मी, ज्याने त्या कापडावर जाहिरात लिहिली होती, ते कापड आतून कधी पाहिलं नव्हतं. पण चांगल्या गिरणीचं कापड कसं असेल? मी लिहिलं: "अगदी स्वच्छ. कोरं करकरीत."

भाऊंनी पुढे काहीच लिहिलं नाही. मला वाटलं, जिंकलो.

दोन दिवसांनी घाटकोपरच्या बाईंनी पुन्हा लिहिलं. ते मला अजून शब्दशः आठवतं. "सुगरणताईंचं कापड स्वच्छ राहतं, म्हणजे चूक माझ्याच तांदळाची आहे. सगळा तांदूळ परत वाळत घातला आहे. ज्यांना पिठी कबूल केली होती त्यांना नाही म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणतात, इतकी वर्षं करतेस आणि तांदूळ वाळलेला कळत नाही. गिरणीबद्दल उगाच लिहिलं, कंपनीने माफ करावं."

माणसाला स्वतःच्या थापेचं यश असं लेखी मिळावं, हे फार वाईट. माझ्या एका 'अप्रतिम'मुळे एक बाई आपल्याच हाताला खोटं ठरवत होती.

मी संध्याकाळी कंपनीतून एक नवी गिरणी रिक्षात घालून घरी नेली. बायकोने तांदूळ धुऊन वाळवून ठेवलेलाच होता. आणि वाळवण्याच्या बाबतीत ती इतकी कडक आहे, की तिच्या तांदळावर शंका घेण्याची माझी हिंमत नाही. गिरणी पाच मिनिटं चालली, मग आवाज जड झाला, मग बंद. डबा उघडला. जाड कापडाला आतून ओलसर पिठीचा थर लेपासारखा बसला होता. हवेला बाहेर जायला जागाच नव्हती. गरम दमट हवा आत कोंडत होती, पिठी ओलावत होती, जाळी बुजत होती. तांदूळ निर्दोष होता. सगळ्यांचा.

बायकोने बोटाने तो थर खरवडला आणि माझ्यासमोर धरला. "हे का कोरं करकरीत?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी बैठक बोलावली. ते, भाऊ आणि मी. शेठनी जाहीर केलं की फोरम संध्याकाळी बंद, माझं टिपण मंजूर, फुकटच्या साइटवर पान उघडायचं. त्यांच्या हातात एक छापील कागद होता. तो नाचवत ते म्हणाले की हे वाचा, आपल्या गिरणीवर खूष असलेली बाई आहे, मुलुंडचीच आहे, शनिवारी दुकानदारांची बैठक आहे, तिथे या सुगरणला बोलवा, चार शब्द बोलेल. गाडी पाठवा तिला.

माझ्या तोंडून 'त्या गावाला गेल्यात' एवढं बाहेर पडणारच होतं. भाऊ माझ्याकडे बघत नव्हते. ते शेठना म्हणाले, बंद करायचं तर करा, पण त्या सगळ्यांना आधी सांगू द्या, बसलेल्या माणसांना उठवून दार लावायचं नाही. शेठ म्हणाले, अहो भाऊ, ते आपल्याला शिव्या घालतात. भाऊ म्हणाले, "घरात येऊन घालतात, शेठ. म्हणून तर ऐकू येतात. बाहेर घातल्या असत्या तर तुम्हाला गिरण्या परत आल्यावरच कळलं असतं."

मी म्हटलं, "शेठ, सुगरण मी आहे."

शेठनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्या मिशांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "तू बाई कधी झालास?"

मग मी सगळं सांगितलं. थापेचं, कापडाचं, रिक्षात नेलेल्या गिरणीचं, घाटकोपरच्या बाईंचं. शेठनी हातातल्या कागदाची घडी केली. जाड कापड त्यांनी निवडलं होतं.

मी भाऊंना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का?

"कापड कोरं म्हणालास तेव्हाच," भाऊ म्हणाले. "गिरणी एकदा जरी फिरली तरी कापड पांढरं होतं. म्हणजे ही ताई दळतच नाही. न दळणारा आपल्यात एकच."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

आणि इथे मी भाऊंना पहिल्यांदा चाचरताना पाहिलं. दारात आलेल्या माणसाला तोंडावर खोटं म्हणायचं नाही, ही त्यांची सवय. तो स्वतः उठून खरं सांगेल म्हणून त्यांनी दोन दिवस वाट पाहिली होती. माझी अब्रू राहावी म्हणून. "ते चुकलं माझं," ते म्हणाले. "तुझा मान ठेवला आणि त्या ताईचे दोन दिवस घालवले. पाहुणा ती पण होती."

शेठ म्हणाले, ठीक आहे, ही चर्चा पुसून टाकू, कापड बदलू, विषय संपला. भाऊंनी नाही म्हणून मान हलवली. म्हणाले, आपल्याच घरात सगळ्यांसमोर खोटं बोललो, ते सगळ्यांसमोरच मागे घ्यायला हवं, नाहीतर त्या बाईंच्या सासूबाईंना कोण सांगणार? शेठ धंद्याचे पक्के होते, पण सासूबाईंच्या मुद्द्यावर ते हलले. त्यांनी अट घातली. जिने चर्चा सुरू केली तिने स्वतःच्या हाताने लिहिलं की गिरणी चालते, तर फोरम राहील. गणपती बसायच्या आत. नाहीतर बंद, आणि मग मला कुणी पाण्याबिण्याचं सांगायचं नाही.

त्या दुपारी मी माझ्या खऱ्या नावाने फोरमवर लिहिलं. एकही विशेषण न वापरता लिहिलेला तो माझा पहिला मजकूर. सुगरण मुलुंड ही बाई अस्तित्वात नाही. ती मी आहे. तुमच्या तांदळात दोष नाही, दोष आमच्या कापडात आहे. खाली भाऊंनी स्वतःची चूक लिहिली, खोटं ओळखूनही आपण गप्प बसलो, ही. लोकांनी आम्हाला धुऊन काढलं. बोरिवलीच्या अधिकाऱ्यांनी मला जे लिहिलं ते मी इथे देत नाही. व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं एवढंच सांगतो. पण त्याच चर्चेत, शिव्यांच्या मधोमध, वर्सोव्याच्या मावशींनी लिहिलं की त्यांनी जाड कापड काढून जुन्या सुती लुगड्याचा तुकडा बांधून पाहिला आणि पिठी पडली. अंधेरीच्या बाईंनी ओढणी लावून पाहिली. कारखान्यातले आमचे लोक जे कापड शोधायला महिना लावणार होते, ते फोरमने रागारागात एका संध्याकाळी शोधलं.

घाटकोपरच्या बाईंनी मात्र एक अक्षर लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी नवं पातळ कापड शिवून आलं. भाऊ म्हणाले, चल. गुडघे धरत ते त्या बाईंचे तीन मजले चढले. लिफ्ट बंद होती. त्यांनी मला हात लावू दिला नाही. दार बाईंनीच उघडलं. मागे सासूबाई. आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघून बाईंनी विचारलं, "यातली सुगरण कोण?"

मी हात वर केला.

त्यांनी मला ओट्याशी नेलं. दोनदा वाळवलेला तांदूळ तिथे पातेल्यात होता. भाऊ कापड बांधायला पुढे झाले तर त्यांना म्हणाल्या, काका, तुम्ही बसा, यांना करू दे. मी जाळी लावली, उलटी लावली, परत लावली. कापड बांधलं. तांदूळ ओतला. गिरणी एका सुरात चालू लागली. ती मध्ये थांबली नाही. भाऊ सासूबाईंशी बीडकडच्या ज्वारीबद्दल बोलत होते. एकदाही त्यांनी गिरणीकडे वळून पाहिलं नाही. त्यांना आवाजावरून कळत होतं.

सगळी पिठी पडल्यावर मी घाम पुसला आणि अदबीने म्हटलं की आता आपण फोरमवर दोन शब्द लिहिले तर बरं होईल. मग, जित्याची खोड हो, मी पुढे म्हटलं, "पिठी अप्रतिम झाली, असं काहीतरी."

बाईंनी पिठी पाहिली. सासूबाईंनीही वाकून पाहिली. "अप्रतिम कुठे?" सासूबाई म्हणाल्या. "किंचित जाड आहे."

मी भाऊंकडे आशेने पाहिलं. त्यांना अट माहीत होती, त्यांचा फोरम त्या एका शब्दावर उभा होता. ते म्हणाले, "घर त्यांचं आहे. त्यांना वाटेल ते त्या लिहितील."

बाईंनी फोन घेतला आणि लिहिलं. मला दाखवलासुद्धा नाही. आम्ही जिना उतरत होतो तेव्हा मी फोनवर उघडून वाचलं: "कंपनीची माणसं आली होती. कापड बदललं. गिरणी आता बरी चालते. पिठी किंचित जाड. ज्यांना नाही म्हटलं होतं त्यांनी डबे पाठवावेत."

बरी. 'बरी'वर कुठला शेठ फोरम चालू ठेवेल? तळमजल्यावर पोहोचेपर्यंत त्यांचा फोन आलाच.

"वाचलं मी," शेठ म्हणाले. "खरं सांग, हे तू लिहिलंस?"

"नाही शेठ. त्यांनीच लिहिलं."

"हां. तू 'बरी' लिहिणारच नाहीस." मग ते म्हणाले, "भाऊंना सांग, राहू दे चालू."